सज्ज्यावरचं भात

लग्न झालेली मुलगी सासरी निघते तेव्हा सगळं गाव डोळे पुसतं. मी सासरी निघालो तेव्हा सगळं गाव पोट धरून हसत होतं. जांबोटीच्या अलीकडं आमची बारा-पंधरा घरांची वाडी. तिथल्या माझ्या सोबत्यांनी बैलगाडीला आंब्याचे टहाळे बांधले होते. एकानं डोक्यावरून पंचा पदरासारखा घेतला, माझ्या गळ्यात पडला आणि खोटे हुंदके देत म्हणाला, "बाई गं, सासूचं ऐक. उलटं बोलू नगंस." मीही हसलो. न हसून करतो काय? घरजावई होऊन निघालेल्या माणसाला रुसायची सोय नसते.

तुम्ही वाडीवर राहिलेले आणि माझ्यासारखे पोटासाठी खानापूर, बेळगाव, निपाणीकडं पांगलेले, दोघांनाही हे ठाऊक आहे की मी काही हौसेनं गेलो नव्हतो. आम्ही चार भाऊ आणि भाताचं वावर एक, तेही डोंगराच्या कडेला, अर्धं पाण्यात आणि अर्धं रानडुकरांच्या वाट्याला. शहापूरच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एकुलती एक मुलगी, घरात दोन माग, आणि मागावर बसायला माणूस नाही. त्यांचं घराणं मूळचं आमच्यासारखंच कुळवाडी. त्यांचे आजोबा कधीतरी नांगर सोडून शहापुरात आले आणि माग शिकले. सोयरीक जुळली ती अशी.

गाडी हलायच्या वेळी आई एवढंच म्हणाली, "दसऱ्याला येशील न्हवं?"

तिचा प्रश्न साधा नव्हता. आमच्याकडं दसऱ्याला नवं बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल आणि झेंडू, सगळ्यांची मिळून एक जुडी करायची आणि घराच्या दाराला बांधायची. ती वर्षभर तिथंच राहते. जुडीतलं भात मात्र आपल्या हातानं पेरलेलं हवं. बाजारातून आणलेलं बांधलं तर आमच्यात त्याला कुणी नवं म्हणत नाही, गवत म्हणतात.

आईला उत्तर आप्पांनी दिलं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "त्यो ज्या दाराला नवं बांधंल त्ये त्याचं दार. दोन दारांस्नी बांधनारा दोन्हीकडं पावणा." मग माझ्याकडं न बघताच पुढं बोलले, "गेल्यावर तिथं पावण्यावानी ऱ्हाऊ नगंस. पावण्याचं कवतिक दोन दिस आसतंय."

पिरनवाडी मागं पडली, शेतं सरली, घरं दाट व्हायला लागली. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला चिकटून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं. म्हणजे मी नुसतं घर बदललं नाही, राज्यही बदललं, आणि तेही एका दिवसात, बैलगाडीत बसून. माझ्या गाठोड्यात दोन धोतरं, एक घोंगडं आणि बेण्याच्या पोत्यातून कुणाला न सांगता काढलेलं दोन मुठी हळवं, लवकर पिकणारं भात होतं. ते का घेतलं, हे मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शहापूरचं घर अरुंद आणि लांबच लांब. दारातून आत गेलं की डाव्या हाताला माग, उजव्या हाताला माग, मधून चालायला वाट. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खटाक-खट, खटाक-खट. पहिले आठ दिवस मला वाटायचं, कुणीतरी सारखं दार वाजवतंय. वर एक खोली आणि गल्लीवर झुकलेला लाकडी सज्जा. आखाड्यातल्या पैलवानासारखा मी, आणि घरात पाय टाकायला माती म्हणून नाही.

आणि कौतिक! जावईबापू इथं बसा, जावईबापू गरम पाणी काढलंय, पहिलं वाढणं जावईबापूंना. दोन दिवस गेले, दोन आठवडे गेले, कौतिक काही आटपेना. मागावर बसलो की तार तुटायची. तुटलेली तार सांधायला विणकरांची एक बारकी गाठ असते, माझी बायको सुंद्रा ती चिमटीत एका क्षणात मारायची. माझ्या बोटांत नांगराचे घट्टे. माझी गाठ म्हणजे बैलाचं दावं. ती मागाच्या फणीतून पार होईना. मामा शांतपणे यायचे, गाठ सोडवायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, दमला असशीला." दमायला मी केलं काय होतं? पावण्यासारखं राहू नको म्हणाले होते आप्पा, आणि इथं मला पावणा सोडून दुसरं काही होताच येईना. गावाकडं परत जावं तर तिथंही आता घरजावई म्हणून पावणाच. ना घरका ना घाटका म्हणतात ते हेच.

एके दिवशी मागच्या अंगणात मला रंगाची जुनी मडकी दिसली. सूत रंगवायची, कडा फुटलेली, आतून निळीशार. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं, "ही कशाला ठेवलीयात?" त्या म्हणाल्या, "टाकायची हायत." मी ती टाकू दिली नाहीत. अकरा होती. घासून घासून धुतली, पिरनवाडीच्या बाजूनं पाट्यांनी माती आणली, आणि सज्ज्याच्या कठड्याला लागून ओळीनं मांडली. मिरग लागल्यावर त्यांत ते दोन मुठी भात पेरलं.

दसऱ्याला मी कुठं असणार, ह्याचं उत्तर मला त्या मडक्यांतून काढायचं होतं. भात पिकलं तर शहापूरच्या दाराला माझ्या हातचं नवं लागेल आणि हे माझं घर होईल. नाही पिकलं तर गाठोडं बांधून वाडीवर जायचं, भावांच्या वावरात राबायचं आणि लोकांचं बोलणं खायचं. हे मी फक्त सुंद्राला सांगितलं. लग्नाला दोन महिने झालेली ती पोरगी, नवरा पळून जायची गोष्ट करतोय हे ऐकून रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मग पानी नीट घाला की." आणि सुताच्या कांड्या भरायला खाली गेली.

मी पाणी नीट घातलं. फार नीट घातलं.

भात वीतभर झालं तशी गल्लीला माझी ओळख पटायला लागली. समोरच्या घरात ईरव्वा नावाची कानडी म्हातारी राहायची. ती रोज सकाळी मान वर करून ओरडायची, "बेळी ह्यांग ऐत्री?" म्हणजे पीक कसं आहे? अकरा मडक्यांच्या जमीनदाराला एवढ्या आदरानं विचारणारी ती जगात एकटीच. मी छाती काढून "झ्याक हाय" म्हणायचो. भाताच्या अध्येमध्ये मी तेरडा लावला, कठड्यावर गोकर्णीचा वेल चढवला, दोन डब्यांत झेंडू टाकला. श्रावणात सज्जा असा हिरवा झाला की येणारे-जाणारे थांबून बघायचे. आमची वाडी कापून कुणीतरी लाकडी फळ्यांवर ठेवल्यासारखी वाटायची मला.

मग भादव्यात पाऊस थांबला. दोन दिवस लख्ख ऊन पडलं. आता इथं नीट ऐका, कारण ह्यात चूक माझी असूनही माझी नाही. ऊन बघितलं की विणकर काय करतो? घरातला ताणा, म्हणजे साडीचं सगळं उभं सूत, गल्लीत लांबवर पसरतो, त्याला पेजेची खळ लावतो आणि कुंच्यानं विंचरून वाळवतो. पावसाळ्यात अशी उघडीप म्हणजे सोनं. आणि ऊन बघितलं की भातकरी काय करतो? भाताच्या मुळात पाणी उभं आहे का बघतो. त्या दिवशी दोघांनीही आपापलं काम केलं. खाली मामांनी हळदी रंगाचा ताणा आमच्या सज्ज्याखालून थेट ईरव्वाच्या दारापर्यंत पसरला होता, आणि वर मी अकराही मडकी काठोकाठ भरली.

फुटक्या मडक्यांतून पाणी झिरपलं. एवढी घासून धुतली तरी नीळ अजून त्यांच्या अंगात होती. फळ्यांच्या फटींतून निळं पाणी पिवळ्या सुतावर पडलं आणि ताण्यावर हिरवे ठिपके उठले. मी वरून वाकून बघत होतो. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला वाटलं, किती सुरेख दिसतंय! दुसऱ्या क्षणी मामांचा चेहरा दिसला.

मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. वर आले, मडक्यांकडं बघितलं, आणि म्हणाले, "जावईबापू, भात बघायला झ्याक हाय. पर ह्या गल्लीचं प्वाट खालच्या सुतावर भरतंय. उद्यापतोर सज्जा रिकामा करा."

मी जेवलो नाही. ताणा सोडून, धुऊन, पुन्हा रंगवायला लागणार होता. हिरव्या ठिपक्यांवर चालणारा रंग एकच, काळा. काळ्या सुताचं चंद्रकळेचं पातळ होईल, फुकट जाणार नाही, असं आत्ती म्हणाल्या, पण म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा रंगाची भट्टी पेटवायला उठले तेव्हा मी आधीच तिथं होतो. त्यांनी "ऱ्हाऊ द्या" म्हणायच्या आत मी कोपरापर्यंत हात रंगात घातले. ओलं सूत पिळायला ताकद लागते, आणि ताकद एवढंच माझ्याकडं होतं. दिवसभर मी पिळत होतो. मामा सूत माझ्या हातात देत राहिले. जेवायला आलो तर आत्ती कडाडल्या, "असल्या हातानं ताटाला शिवू नगंस! जा, आदी घास जा!" रागाच्या भरात त्यांचं अहो-जाहो गळून पडलं. मी घासायला गेलो. हात आठ दिवस काळे राहिले, आणि ते आठ दिवस माझं कुणी कौतिक केलं नाही. मला फार बरं वाटलं.

मडकी मात्र सज्ज्यावरून हलली. न्हाणीघराच्या माथ्यावर दोन माणसं उभी राहतील एवढी गच्ची होती, तिथं मी ती चढवली. तिथं खाली ना सूत, ना गल्ली. पण तिथं चिमण्या. वाडीवर भात राखायला गोफण असते; इथं गोफण मारली तर शेजाऱ्याची कौलं फुटायची. दाण्यांत दूध भरलं तशी चिमण्यांनी पंगत मांडली. एका सकाळी दोन मडकी झाडून रिकामी दिसली आणि मी पंचा फिरवत चिमण्यांमागं लागलो. दसऱ्याला सतरा-अठरा दिवस होते.

सुंद्रा वर आली. माझ्याकडं बघितलं, चिमण्यांकडं बघितलं, आणि खाली जाऊन मागाखाली साठलेल्या सुताच्या तुटक्या दशांचं बोचकं घेऊन आली. लाल, जांभळ्या, हिरव्या, वीत-दीड वीत लांबीच्या. तिथंच मांडी घालून तिनं त्या एकमेकींना सांधायला सुरुवात केली. दोन दुपारी तिनं दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी उरलेल्या नऊ मडक्यांवर जाळं चढलं, रंगीबेरंगी, वाऱ्यानं थरथरणारं. चिमण्या काठावर बसून शिव्या घालायला लागल्या. मी म्हणालो, "एवढ्या गाठी? मला जलमभर जमल्या नसत्या." ती म्हणाली, "तुमाला भात येतंय, मला गाठ येतीया. झालं की." त्या दिवशी मला कळलं की ती मला जाऊ देणार नाही, आणि माझीही जायची इच्छा उरलेली नाही.

खंडेनवमीला शहापुरातले सगळे माग बंद. धोटा, फणी, सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडतात, आणि त्या खटाक-खटाशिवाय गल्ली अशी शांत होते की स्वतःचा श्वास ऐकू येतो. पूजा झाली आणि मामा गच्चीवर आले. मला वाटलं, कायतरी चुकलं. त्यांनी वाकून एक मडकं उचललं, खांद्यावर घेतलं आणि जिना उतरायला लागले. मी मागं धावलो. "मामा, कुठं न्हेताय?"

"सज्ज्यावर," ते म्हणाले. "आज मागांना सुट्टी. खाली सूत न्हाय. आज वरनं पानी पडू दे न्हायतर नदी पडू दे, कुनाचं काय जातंय?"

मग त्या दिवशी आम्ही सज्जा सजवला. अशी मजा मी आयुष्यात फार थोड्या वेळा केली आहे. पिवळं पडलेलं भात कठड्याला ओळीनं. खांबापासून खांबापर्यंत झेंडूच्या माळा. पिरनवाडीच्या पुढच्या माळावरून मी सकाळीच कुर्डू उपटून आणला होता, त्याचे गुलाबी-पांढरे तुरे भाताच्या मधून खोवले. चिमण्यांचं जाळं सुंद्रानं सोडवलं आणि छतातून झालरीसारखं खाली सोडलं. आत्ती खाली गल्लीत उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, डावीकडं घे, आता उजवीकडं, अरं तुज्या उजवीकडं न्हवं, माज्या! ईरव्वा स्वतःच्या परड्यातला झेंडू ओच्यात भरून आली आणि वर यायला जिना चढवेना म्हणून एकेक फूल खालून फेकत राहिली. निम्मी तिच्याच डोक्यावर पडली. मामा भाताची एक लोंबी बोटांत फिरवत होते. म्हणाले, "आमचा आज्जा बी बांधायचा म्हनं. मग कवा सुटलं कुनाला ठावं."

दसऱ्याच्या सकाळी जुड्या केल्या. दोन मागांना दोन, चुलीपाशी एक, आणि मोठी दाराला. माझी गाठ सुटायची म्हणून सगळ्या सुंद्रानं बांधल्या, रेशमाच्या दशीनं. मामांनी स्टूल मांडलं आणि मोठी जुडी माझ्या हातात दिली. मी चढलो, खिळा चाचपला, आणि गल्लीच्या तोंडाशी आप्पा दिसले.

पहाटे नव्हे, आदल्या दिवशीच निघाले असणार. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं लाल. डोक्यावर आमच्या वावरातल्या भाताची पेंढी, जाडजूड, दाण्यांनी लवलेली. आईनं दिली होती. लेक आला नाही तर नवं तरी जाऊ दे म्हणाली होती. आप्पा दारात थांबले. त्यांनी सज्ज्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या त्या लुकड्या जुडीकडं बघितलं. पेंढीपुढं माझं भात म्हणजे आजारातून उठलेलं पोर. मला स्टुलावरून उतरून कुठंतरी लपावंसं वाटलं. मामांनी परिस्थिती ओळखली आणि मोठेपणानं म्हणाले, "व्याही, तुमी एवढ्या लांबनं आणलंयसा. तुमचंच बांधू."

आप्पांनी पेंढी मामांच्या हातात दिली, माझ्या जवळ आले, जुडीतला एक दाणा काढून दाताखाली धरला आणि चावला. चावत राहिले.

"भरलाय," ते म्हणाले. "ह्येच बांधा. माज्या भाताची खीर करा."

मी बांधली. खाली उतरून पाया पडलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "त्यातली एक लोंबी उरली आसंल तर दे. घरला न्हेतो."

"कशाला?"

"आपल्या दाराला."

मी म्हणालो, "आप्पा, दोन दारांस्नी बांधनारा दोन्हीकडं पावणा, असं तुमीच म्हनला हुता."

आप्पांनी वर बघितलं. सज्ज्यावरची झालर हलत होती, ईरव्वा अजून फुलं फेकत होती, आणि आत्ती आतून विचारत होत्या की व्याह्यांना गूळपाणी दिलं का.

"म्हनलो हुतो," ते म्हणाले. "तवा मला एकच दार ठावं हुतं."

त्या वर्षी जांबोटीकडच्या आमच्या दारावर शहापूरचं भात लागलं. ते बघायला वाडी लोटली होती, आणि निघताना मला हसलेले सगळे आता, मडक्यात भात येतं कसं, ते विचारत होते, असं आईनं नंतर गाडीवाल्याकडून कळवलं.

तेव्हापासून दर वर्षी सज्ज्यावर मडकी मांडतो. प्रत्येकाखाली परात असते. भातकऱ्यालाही शहाणपण येतं. लढाई आली आणि गेली, सूत मिळेनासं झालं आणि पुन्हा मिळू लागलं, मला ती बारकी गाठ जमायला लागली, माझी पोरं कानडीत भांडतात आणि मराठीत रडतात. दर दसऱ्याला एक लोंबी इकडून तिकडं जाते आणि एक तिकडून इकडं येते. बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना मी एवढंच सांगतो की मडकं फुटकं असलं तरी चालतं.

घर म्हणजे काय, हे मला अलीकडं अगदी स्वच्छ कळलं. गेल्या दिवाळीत वाडीवर गेलो होतो. उन्हातून आलो, ओट्यावर टेकलो, तर आई आतून ओरडली, "पानी तुजं तू घे रं, माजं गुडघं धरल्यात." दोन दिवसांनी शहापूरला परतलो, चपला काढतोय तोवर आत्ती म्हणाल्या, "आलास? चुलीवरचा भात उतर आदी, करपाय लागलाय." दोन्हीकडं माझ्यासाठी कुणी जागचं उठलं नाही. मी पाणी घेतलं, भात उतरवला, आणि दोन्ही वेळा मला गाणं म्हणावंसं वाटलं.